खुंटीखालचा हात

आमच्या गावात पन्नाशीच्या वरच्या कुणालाही विचारा, तुझा जन्म कुठला, तो एकाच इमारतीकडे बोट दाखवतो. तारापूरकडून समुद्राच्या अंगानं येणारा रस्ता जिथं आमच्या चिकूच्या वाड्यांत शिरतो, तिथं डाव्या हाताला ती आहे. दगडी जोतं, चुन्याच्या जाडजूड भिंती, वर मंगलोरी कौलं आणि पुढे लांबलचक ओटी. गावातल्या बागायतदारांनी फार पूर्वी वर्गणी काढून बांधलेलं ते सूतिकागृह. पण एवढा जड शब्द आमच्याकडे कुणाच्या जिभेवर बसला नाही. आत ओळीनं लोखंडी खाटा होत्या, म्हणून सगळे त्याला खाटघर म्हणत. अजूनही म्हणतात.

मीही तिथलीच. फरक इतकाच, की बाकीच्या बाळांना घेऊन त्यांच्या आया घरी गेल्या आणि माझी आई तिथून थेट मुंबईच्या हॉस्पिटलात गेली. परत आली नाही. तिचा एकही फोटो नाही. लग्नात काढलेला एक होता म्हणतात, तो ओल लागून गेला. आई कशी दिसायची विचारलं की लोक म्हणत, उंच होती, सडसडीत होती. एवढ्यावर कुणाचा चेहरा उभा राहतो?

मला मोठं केलं ते आईच्या धाकट्या बहिणीनं, माझ्या मावशीनं. माझा जन्म झाला तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची असेल. बाळंतिणीजवळ घरचं कुणीतरी हवं म्हणून तिला खाटघरात ठेवलं होतं. पुढे आजोळी मी वाढले ती तिच्याच काखेत. वाणगावला तिचं लग्न ठरलं, तेव्हा तिनं एकच अट घातली, ही पोरगी माझ्याबरोबर येईल. लग्नाआधीच पोर घेऊन येणारी नवरी म्हणून सासरी तिची थट्टा व्हायची. तिनं कान बंद ठेवले आणि मिरचीच्या शेतात राबून तिच्या दोन मुलांबरोबर मलाही शिकवलं. माझ्या तोंडात तिच्यासाठी कधी फार नाजूक भाषा नव्हती, आम्ही दोघी भांडकुदळच. पण आज जी काही मी आहे ती तिच्यामुळे, हे आधीच सांगून टाकते.

आता त्या हातांची गोष्ट. खाटघरात एक रीत होती. पाचवीची पूजा झाली, बाळबाळंतीण घरी निघाली, की ओटीवर एका परातीत गेरू आणि हळद कालवून ठेवत. बाळंतिणीनं त्यात उजवा हात बुडवायचा आणि भिंतीवर उठवायचा. बाळाच्या नावाचा हात. मगच बाळाला घेऊन पायऱ्या उतरायच्या. दरवर्षी गावदेवीच्या जत्रेआधी गावातल्या साऱ्या सार्वजनिक भिंतींना चुना लागे, तसा या भिंतीलाही. जुने हात चुन्याखाली जात आणि नव्या बाळंतिणींना कोरी भिंत मिळे.

लहानपणी आजोळाहून बाजारात जाताना खाटघर लागलं की मावशी थांबायची. भिंतीकडे बोट करून सांगायची, "ती बघ, तिथं तुज्या आयनं तुज्या नावाचा हात दिलाय हां." मला पांढऱ्या चुन्याशिवाय काही दिसायचं नाही. पण तो चुना माझ्या दृष्टीनं नुसता चुना राहिला नाही. कुणी रागावलं, की मी पळत जाऊन त्या भिंतीला पाठ लावून बसायची. मला खरंच वाटायचं, की पाठीवर कुणाचा तरी हात आहे. पुढे माझं लग्न झालं तेही याच गावात, खाटघरापासून दोन आळ्या सोडून. निरोप देताना मावशी म्हणाली होती, "बरा झाला. आयजवळ चाललीस." ती आणि मी दोघी रडलो होतो.

माझ्या लग्नाआधीच सरकारी आरोग्य केंद्र झालं, बोईसरला दवाखाने झाले, बायका तिकडे जाऊ लागल्या. खाटघराला कुलूप लागलं. काही वर्षं तिथं खताच्या गोण्या होत्या, निवडणुकीला तेवढी झाडलोट व्हायची. मग कौलं घसरली, भिंतीतून पिंपळ निघाला. ग्रामसभेत ठराव आला, की पडकं बांधकाम पाडून तिथं शटरचे गाळे काढावेत. मी बोईसरच्या एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला आयुष्य काढलेली बाई. सभेत बोलायची सवय नाही, ओरडायची आहे. त्या दिवशी मी इतकी ओरडले, की आमचे हे मागच्या मागे निघून गेले. ठराव पुढे ढकलला गेला. पण मला कळत होतं, ओरडून भिंत उभी राहत नाही. ती पडली की माझ्या आईचं या जगात होतं नव्हतं ते सगळं जाणार होतं. आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण लोक म्हणाले असते, बाईला साठीत खूळ लागलं.

अशात पालघरची ती संस्था आली.

संस्था म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. कारखान्यात असताना पाहिलंय, माणसं येतात, फोटो काढतात, बिस्किटं वाटतात आणि जातात. ही संस्था म्हणे जिल्ह्यातल्या जुन्या इमारती वाचवते. स्टेशनजवळ एका दुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस. मनोरच्या बाजूला कुठंतरी त्यांनी एक पडायला आलेली धर्मशाळा उभी केली होती, वैतरणेच्या काठच्या कुठल्या घाटाच्या पायऱ्या बसवल्या होत्या. आमच्याकडे आली ती त्यांची एक तरुण आर्किटेक्ट मुलगी. बारीक कापलेले केस, पायात बूट, खांद्यावर पोतडी. आल्या आल्या तिनं भिंतींवर बोटांनी टकटक करून पाहिलं, आपण कलिंगड घेताना पाहतो तसं.

मी विचारलं, "काय काय करणार तुम्ही?"

"आधी काहीच नाही, काकू," ती म्हणाली. "एक पावसाळा बघणार. पाणी कुठून येतं, कुठं जातं ते."

घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, झालं, म्हणजे भिंत पावसानंच पाडायची आणि संस्थेनं शेजारी उभं राहून बघायचं. पण मुलगी शब्दाला पक्की निघाली. छपरावर ताडपत्री बांधली, पिंपळ मुळासकट काढला आणि भर पावसात ती छत्री घेऊन यायची, ओटीवर बसून भिंतीकडे बघत राहायची. गावातली पोरं तिला हसायची. मीही हसले. मग एकदा तिला शिंका येताना पाहिल्या आणि आलं घातलेला चहा घेऊन गेले. तेव्हापासून चहाचं खातं माझ्याकडे लागलं.

पावसाळा सरला आणि त्यांनी कामाला हात घातला तो असा, की मला वाटलं हिचं डोकं फिरलंय. ती घरोघर हिंडू लागली. दारात उभी राहून म्हणायची, "खाटघरातलं काही तुमच्याकडे सांभाळायला ठेवलेलं असेल तर ते आता परत लावायचं आहे." सांभाळायला! वर्षानुवर्षं लोकांनी तिथलं जमेल ते उचललं होतं, हे तिला का ठाऊक नव्हतं? पण चोरी हा शब्द तिनं एकदाही तोंडातून काढला नाही. 'सांभाळायला' या एका शब्दानं सगळ्यांची लाज राखली. दुसऱ्या दिवसापासून वस्तू येऊ लागल्या. कुणाच्या गोठ्यावरची कौलं, कुणाच्या वाडीतल्या विहिरीवर आडवी टाकलेली सागवानी फळी, आंब्याखाली दुपारच्या झोपेसाठी ठेवलेली लोखंडी खाट. एका घरातून तर घंटा आली, ती ते लोक आरतीला वाजवत होते.

मी हे सगळं बघून मनात लोकांना नावं ठेवत होते, तोवर आमचे हे माळ्यावरची शिडी लावून उभे राहिले. म्हटलं काय शोधताय? स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आमच्या मधल्या खोलीतल्या लाकडी खुंट्या काढायला लागले. चांगल्या शिसवी, टोकाला गोल घडवलेल्या खुंट्या. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्यावर साड्या टांगत आले होते.

"बाबांनी आणल्या होत्या," हे खाली मान घालून म्हणाले, "सांभाळायला."

मी इतकी हसले, की ह्यांनाही हसू आलं. खुंट्या धुऊन, तेल लावून आम्ही दोघांनी नेऊन दिल्या. ओटीच्या भिंतीतली भोकं अजून होती, खुंट्या त्यांत अलगद बसल्या. बाळंतिणींची बाळुती आणि कंदील टांगायच्या त्या खुंट्या.

मग चुन्याचं प्रकरण सुरू झालं. मागच्या अंगणात खड्डा खणून कळीचा चुना भिजत घातला. तो ढवळायचा, झाकायचा, पुन्हा ढवळायचा. त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर. गाव वैतागलं. सिमेंट मारलं असतं तर आठवड्यात काम झालं असतं, असं येणारा जाणारा ऐकवायचा. ते ऐकून बोईसरहून येणारा गवंडी मला सांगायचा, "चाची, ये दीवार को साँस लेना मंगता है, सिमेंट से दम घुट जाएगा." मला चाची म्हणतो म्हणून मी त्याला आधी झापलं होतं, नंतर त्याच्यासाठीही चहा जायला लागला.

थंडीत एके सकाळी मी किटली घेऊन गेले, तर ती मुलगी भिंतीपाशी गुडघ्यावर बसलेली. हातात बारीक सुरी आणि मऊ ब्रश. चुन्याचे पापुद्रे ती एकेक करून सोडवत होती, कांद्याचे सोडवतात तसे.

"काकू, इकडे या," ती हळू आवाजात म्हणाली.

चुन्याच्या थरातून तांबूस रंगाची पाच बोटं वर आली होती. मग तळवा. मग शेजारी दुसरा हात. मी किटली खाली ठेवली आणि ओटीवर बसले. जे आजवर फक्त ऐकलं होतं, ज्याच्यावर माझा विश्वास होता पण खात्री नव्हती, ते समोर होतं. त्या परक्या मुलीला मी सगळं सांगून टाकलं. आई, मुंबईचं हॉस्पिटल, ओल लागलेला फोटो, पाठ टेकून बसणं. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "कुठला हात कुणाचा, ते नाही हो सांगता येणार, काकू."

तिला येत नसेल, मला येत होतं. पुढच्या काही दिवसांत भिंतीवर खूप हात निघाले, वेगवेगळ्या थरांतले, एकमेकांवर चढलेले. त्यांत एक होता लांब, निमुळत्या बोटांचा. उंच, सडसडीत बाईचा हात असाच असणार. माझी खात्री पटली. मी रोज सकाळी जाऊन त्याच्यापुढे उभी राहू लागले. कुणी बघत नसलं की त्याच्याशी बोलायचीही. काय बोलायची ते नाही सांगत. साठी ओलांडल्यावर माणसाला आई म्हणायला मिळालं तर तो काय बोलेल, ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

बाकीच्या हातांत मला गोडी नव्हती. एका खुंटीखाली, अगदी गुडघ्याच्या उंचीवर, एक लहानसा हात अर्धवट निघाला होता. बाकी सगळे हात खांद्याच्या पातळीला, हा एकटाच खाली आणि तिरका. मी मुलीला म्हटलं, "हा कुणातरी व्रात्य पोराचा. परातीत हात घालून पळालं असेल. याच्यामागे वेळ घालवू नकोस, माझ्या आईचा तेवढा नीट काढ." तिनं तो तसाच सोडला.

मावशीला फोन केला. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे आमचं फोनवरचं बोलणं शेजारच्या आळीला कळतं. ओरडून सांगितलं, आईचा हात सापडला, बघायला ये. ती म्हणाली, "गुडगं दुकतात माजं. जत्रा झाली की बगू." पुन्हा केला तर मिरचीची तोडणी. पुन्हा केला तर सुनेला बरं नाही. मला राग आला. सख्ख्या बहिणीचा हात आणि हिला मिरच्या सुचतायत!

जत्रा जवळ आली तशी संस्थेची माणसं सुट्टीवर गेली. उद्घाटन जत्रेनंतर ठरलं होतं. मी दोन दिवसांसाठी पालघरला लेकीकडे गेले. परत येताना टमटममधून उतरले आणि रस्त्यावरूनच पाहिलं. खाटघराची भिंत पांढरीशुभ्र. निळसर झाक मारणारी. चुन्यात नीळ घालायलाही विसरले नव्हते.

डोक्यात अशी तिडीक गेली, की पिशवी तिथंच टाकली. ओटीवर आमच्या आळीतले निवृत्त वायरमन काका आणि त्यांची चार माणसं हातपाय धूत होती. सगळ्यांच्या चेहऱ्यावर चुन्याचे शिंतोडे आणि समाधान. दरवर्षी जत्रेआधी चुना लावायचं काम त्यांच्याच पुढारपणाखाली चालतं.

"काय केलंत हे?" मी किंचाळले.

"जत्रा हाय ना," काका म्हणाले. "पाव्हणं येतील, उद्गाटनाला मोटी मान्सं येतील. आनि भित अशी खरजुल्यावानी? आमी बोल्लो, एवडं करतायत ते आपल्यासाटी, आपन पन कायतरी करूया."

"तिथं हात होते!"

"व्हते ना. बगितले सगल्यांनी, फोटू काडले. झाले की." त्यांना खरोखर कळत नव्हतं माझं काय बिनसलंय. पाणी घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोनं मला समजावलं, "अगो, दर वर्साला असाच झाकायचे ना हात? कोरी भित नको काय बालंतनीला?"

मी काय काय बोलले ते आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. ती माणसं गप्प ऐकून घेत होती, त्यानं मी आणखी चिडत होते. घरी येऊन जेवले नाही. आईचा हात मिळाला होता आणि गावानं चार ब्रश मारून तो परत काढून घेतला. ह्यांनी मुलीला फोन लावून दिला, मी रडत रडत सांगितलं. मला वाटलं ती संतापेल, काम बंद करेल, आणि मनातून मला तेच हवं होतं.

ती दुसऱ्या दिवशी सुट्टी सोडून आली. वायरमन काका आधीच येऊन खांबाआड उभे होते, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखे. तिनं भिंतीला बोट लावलं, बोटाला लागलेलं पांढरं चोळून पाहिलं आणि विचारलं, "काका, चुनाच आहे ना? डिस्टेंपर नाही ना?"

"चुनाच, बाय. पोरांना गाळून लावायला सांगितलेला."

ती हसली. मनापासून हसली. "मग काही बिघडलं नाही. चुना चुन्यावरून निघतो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, इतकी वर्षं हे हात टिकले कसे, सांगा बरं? दरवर्षी ह्यांनी वरून चुना लावला म्हणून. उघडे राहिले असते तर दोन-चार पावसाळ्यांत धुऊन गेले असते. तुमच्या गावानं ह्यांच्यावर पांघरूण घातलंय."

ज्या हातांनी आईचा हात झाकला म्हणून मी आदल्या दिवशी शिव्याशाप दिले, त्याच हातांनी, आणि त्यांच्या आधीच्यांच्या हातांनी, तो माझ्यासाठी जपला होता. मी काकांना म्हटलं, चला घरी, चहा घेऊ. ते आले. चहाबरोबर बायकोनं पाठवलेले जत्रेचे लाडूही घेऊन आले, म्हणजे राग कुणाच्याच मनात नव्हता.

त्या मुलीनं आणखी एक गोष्ट केली, त्याबद्दल मी तिची जन्मभर ऋणी राहीन. उद्घाटन तिनं पुढे ढकललं आणि गावासमोर उभी राहून म्हणाली, ही ओटीची भिंत आम्हाला द्या, मागच्या पडवीची भिंत तुमची. तिला दर जत्रेला चुना लावा, नीळ घाला, आणि गावातल्या ज्या बाळंतिणीला हात द्यायचा असेल तिनं द्यावा. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आता आठवड्यातून एकदा खाटघरात गरोदर बायकांची तपासणी होते, आणि पडवीच्या भिंतीवर हात उठायला लागले आहेत. नखांना रंग लावलेले, हातात स्मार्ट घड्याळ घातलेले हात.

ओटीची भिंत पुन्हा सोलायचं काम जत्रेनंतर सुरू झालं. लांब बोटांचा हात सगळ्यांत आधी काढला, माझ्या हट्टासाठी. या वेळी मी मावशीला विचारलं नाही. तिच्या मुलाला फोन केला आणि म्हटलं, तिला उचलून आण. तो मिरचीच्या फेरीला निघालेला टेम्पो वळवून घेऊन आला. पुढच्या सीटवर मावशी, मांडीवर पिशवी, चेहरा दवाखान्यात आणल्यासारखा.

हाताला धरून मी तिला ओटीवर चढवलं. "बघ मावशी," मी मोठ्यानं म्हटलं, "आई."

ती त्या लांब बोटांकडे बघत राहिली. संस्थेची मुलगी ब्रश हातात धरून बाजूला उभी होती. मावशीनं मान हलवली.

"नाय गो," ती म्हणाली. "ह्यो तिचा नाय."

"मग तिचा कुठला?"

"तिचा नायच हिथं." तिनं ओटीवर बसकण मारली. "ती उटलीच नव्हती खाटेवरना. तापानं फनफनलेली. आमची आय गाडी बगायला धावलेली. मुंबईला न्यायची घाई. तुजा हात द्यायचा राहिलाय ह्ये कुनाच्या द्यानातच नाय."

लहानपणापासून मी पाठ टेकून बसत होते ती भिंत नुसती भिंतच होती तर. मी मावशीकडे बघितलं, आणि ती खुंट्यांकडे बघत होती. एकेक मोजल्यासारखी तिची नजर सरकत होती. मग तिनं एका खुंटीखाली बोट दाखवलं, खाली, गुडघ्याच्या उंचीवर.

"थितला चुना काड."

"तिथं काही नाही मावशी, कुणा पोराचा हात आहे."

"काड तू."

मुलीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. लगेच खाली बसली आणि ब्रश ओला करून सुरीनं पापुद्रे सोडवू लागली. निळसर थर, पांढरा थर, मग त्याखालचा. तिरका, लहानसा हात हळूहळू वर आला. या वेळी पूर्ण आला, मनगटापर्यंत.

"पोराचाच हाय," मावशी म्हणाली. "माजा. परात थितं खाली ठेवलेली. डाव्या हातात तू व्हतीस, तुला सावरत उटता येत नव्हता. वाकून दिला तसाच."

मुलीचा ब्रश थांबला होता.

"खाटघराची आया ओरडली मला," मावशी पुढे म्हणाली. "बोल्ली, गो पोरी, आयनंच द्यायचा आसतो हात. मी बोल्ले, देते मंग."

देते मंग. तेरा-चौदा वर्षांची मुलगी, काखेत दुसरीचं मूल, आणि एवढे दोन शब्द. लग्नातली अट, मिरचीचं शेत, माझ्या वेण्या, माझी फी, माझं बाळंतपण, सगळं त्या दोन शब्दांत आधीच ठरून गेलं होतं. आणि ते तिनं कधी सांगितलं नाही. आईनं हात दिलाय म्हणून सांगितलं, कारण मला आई असावी असं तिला वाटत होतं. मी रडले. लाज न बाळगता, संस्थेच्या मुलीसमोर, टेम्पोवाल्या भावासमोर, मोठमोठ्यानं रडले. मावशी म्हणत राहिली, "खोटा बोल्ले गो मी तुला," आणि मी तिचे सुजलेले, वाकडे झालेले, मिरचीनं आयुष्यभर भाजलेले हात गालांना लावून बसले होते.

लांब बोटांचा हातही त्या मुलीनं जपून ठेवला आहे. कुणाच्या तरी आईचा आहेच तो. हल्ली गावातल्या निम्म्या बायका तो आपल्या आईचा आहे म्हणून सांगतात आणि त्यावरून भांडणंही होतात.

त्या दिवशी मावशीला टेम्पोत बसवायच्या आधी मुलीनं मला विचारलं, लोक बघायला येतील तेव्हा हा खालचा हात कुणाचा म्हणून सांगायचं?

"माझ्या आईचा," मी म्हणाले. मावशीला कमी ऐकू येतं, म्हणून मी ते पुन्हा एकदा म्हणाले, मोठ्यानं.